अकरा की बारा

विहिरीच्या तळाशी सुरुंगांच्या वाती पेटवून वर आला, की आमचा सुरुंग लावणारा उस्ताद लिंबाखाली उकिडवा बसायचा, तळहात जमिनीवर उपडा टेकवायचा आणि दटावायचा, "बोलू नका, मोजून राह्यलो." एक कान अधू होता, म्हणून हादरे तो हातानं मोजायचा. विहीर खोदताना तुम्ही पाहिली असेल तर ठाऊक असेल, जेवढे सुरुंग भरले तेवढे उडायला हवेत. एक जरी खाली जिवंत राहिला, तरी पहार मारणाऱ्याचा जीव जातो.

ऐंशीच्या दशकात जालन्याकडच्या टेंभुर्णीच्या बाजूला दुष्काळी कामावर मी हजेरी लिहायचो. उस्ताद भाकरीसुद्धा मोजून खातो, अशी चेष्टा चालायची. "मोजतो ना. बायको एक कमीच देती," तो म्हणायचा.

त्या दिवशी बारा भरले होते. उस्ताद म्हणाला, "अकरा. आज कोणी उतरायचं न्हाई."

दुसऱ्या दिवशी मोठे साहेब पाहणीला येणार होते. आमचा इंजिनिअर भडकला. "अरे, दोन एकदम उडाले असतील!"

"असतील बी, साहेब. मला म्हाईत न्हाई. म्हणून तर थांबून राह्यलो."

इंजिनिअरनं मला विचारलं. मला अकराच ऐकू आले होते. मी म्हणालो, "बारा असावेत." त्या वाक्याची मला आजही शिसारी येते.

कोणी उतरू नये म्हणून उस्ताद दिवस मावळेपर्यंत यारीच्या, म्हणजे माणसं खाली-वर करणाऱ्या क्रेनच्या, बादलीत बसून राहिला. सकाळी एकटाच खाली गेला, तळ धुऊन एकेक भोक तपासलं आणि वर येऊन म्हणाला, "बाराही उडालेत." एक जिवंत सापडला, असं खोटं बोलला असता तर कोणाला कळणार होतं?

सगळे हसले. मीही हसलो. इंजिनिअरनं भित्रा म्हणून त्याला कामावरून काढलं.

"चुकलंच की तुमचं, उस्ताद," मी म्हणालो.

"न्हाई चुकलं. काल जेवढं म्हाईत होतं, त्यात हेच बराबर होतं. पुन्हा बी हेच करीन."

निकाल लागल्यावर शहाणे होणारे आम्ही. आमच्या त्या हसण्याचा मला अजून संताप येतो.

पुढच्या विहिरीवर नवा माणूस आला. त्याला भित्रा ठरायचं नव्हतं. त्यानं मोजलंच नाही आणि अर्ध्या तासात एक मजूर खाली उतरवला. पहार पडली आणि स्फोट झाला. मजूर तळाशी विव्हळत होता. अजून एखादा सुरुंग जिवंत आहे का, कोणालाच सांगता येईना. इंजिनिअर ओरडत होता, "कोणी उतरू नका, धोका आहे!" धोका! आता आठवला ह्याला.

कोणीतरी सायकलवर जाऊन उस्तादला आणलं.

"किती उडाले?" त्यानं विचारलं. "मोजलेच न्हाईत," कोणीतरी म्हणालं.

"मंग दोर सोडा. जल्दी."

"उस्ताद, त्या दिवशी तर तुम्ही थांबला होता," मी म्हणालो.

"त्या दिवशी थांबल्यानं कोणी मरत नव्हतं."

तो उतरला आणि त्या मजुराला बादलीत घालून वर घेऊन आला. एक पाय गेला, पण माणूस जगला.

जीप मजुराला घेऊन जालन्याकडे गेली, तसा उस्ताद बांधाआड गेला. मी मागोमाग गेलो, तर तो ओकत होता.

"लई भ्यालतो, भाऊ," तो म्हणाला.

तिकडे इंजिनिअर जमलेल्या लोकांना सांगत होता, आपण माणूस कसा हुशारीनं बाहेर काढला. उस्तादनं ते ऐकलं, तोंड पुसलं आणि तसाच शेतातून निघून गेला. आमच्या विहिरींवर तो पुन्हा आला नाही.