टकटकमामांचा सूड

टकटकमामा पहिल्यांदा आमच्या संगीतशाळेच्या कचेरीत आले तेव्हा मला भूकंप झाल्यासारखं वाटलं. त्यांनी दार ठोकलं, टेबल ठोकलं, कपाट ठोकलं आणि शेवटी माझ्या डोक्यावर बोटाच्या पेरानं टकटक करून म्हणाले, "पोकळ आहे. पण आवाज गोड!" पियानो दुरुस्त करणारा हा माणूस जगातली प्रत्येक वस्तू ठोकूनच ओळखायचा.

शाळेचा शंभरी ओलांडलेला पियानो वर्षानुवर्षं त्यांच्याच हातात होता. मग त्यांच्या साडूनं (तोही याच धंद्यातला) मुख्याध्यापिकाबाईंचे कान फुंकले. "मामांना ऐकू येत नाही हो, म्हणून तर ठोकत बसतात!" काम साडूकडे गेलं. मामांच्या अंगाचा तिळपापड झाला.

एका दुपारी ते 'सहज' म्हणून आले आणि बायकोच्या केसांतली पिन पियानोत, तारांखालच्या लाकडी फळीवर, हळूच सोडून गेले. हे त्यांनी मला पुढे स्वतःच सांगितलं, खुदुखुदु हसत.

झालं! एक ठरावीक सूर वाजला की आत माशी अडकल्यासारखी झणझण. साडूनं स्क्रू आवळले, तारांवर आपटणाऱ्या आतल्या हातोड्या उतरवल्या, पुन्हा चढवल्या. झणझण काही जाईना. शेवटी बाईंनी मामांनाच बोलावलं. मामा इस्त्रीचा सदरा घालून नवरदेवासारखे आले.

"साडूभाऊ, ती पट्टी दाबत राहा. मी थांबा म्हणेपर्यंत."

साडू दाबत राहिला. मामांनी खिडकीची काच ठोकली, दिवा ठोकला, भिंतसुद्धा सोडली नाही.

"बोट दुखतंय? दुखू दे. कान तरी शाबूत आहेत ना तुमचे?"

साडूचं बोट लाल, तोंड त्याहून लाल. पोटभर सूड उगवून झाल्यावर मामांनी चिमट्यानं पिन उचलली आणि बाईंच्या नाकासमोर नाचवली.

"बघा! आणि म्हणे बहिरा मी! वाजवा आता!"

साडूनं वाजवलं. झणझण.

मामांचा चेहरा खर्रकन उतरला. साडूच्या उचकाउचकीत आत खरंच काहीतरी सैल झालं होतं. दोघंही पियानोखाली शिरले.

"तू सैल केलंस, गाढवा!"

"तुम्हीच टाकलीत ती पिन! दुसरं कोण टाकणार?"

संध्याकाळपर्यंत त्यांचे फक्त चार पाय बाहेर दिसत होते.

बाईंनी पियानो विकला आणि विजेवरचा आणला. त्याच्या दुरुस्तीला कंपनीचा माणूस येतो.