मिठाची पहिली वेलांटी

छापखान्यात तिला नावानं कुणी हाक मारत नसे. ती वेलांटीबाई. छापायला जाणाऱ्या मजकुरातल्या चुका शोधायचं तिचं काम, आणि वेलांटी पहिली की दुसरी, यावरून मालकांपासून हमालापर्यंत सगळ्यांशी तिचे खटके उडालेले. नाव चिकटलं ते चिकटलंच. घरी जाऊबाईसुद्धा वैतागली की म्हणायची, "वेलांटीबाई, भाजीत काय कमी आहे तेवढं सांगा, शुद्धलेखन नको."

पण अलीकडे वाद घालायचंही त्राण उरलं नव्हतं. दुपार झाली की अक्षरं एकमेकांच्या अंगावर रेलायला लागत. मान आखडलेली, चहावर साय धरलेली, आणि भिंतीपलीकडे कागद कापायचं यंत्र धप्प धप्प करत बसलेलं. मालक जाता जाता म्हणून गेले होते, "बाई, आता कॉम्प्युटर आपोआप चुका दाखवतो म्हणे. हे पुस्तक होऊ द्या, मग बघू." मालकांचं 'बघू' म्हणजे काय, ते तिला पुरतं ठाऊक होतं. घरी बसायचं, आणि दोघी जावांनी दिवसभर एकमेकींची तोंडं बघायची.

हातातलं पुस्तक लेखिकाबाईंचं होतं. या बाई रहस्यकथा लिहीत, पण रक्ताचा थेंब सांडू न देता. त्यांची नायिका एक शिवणकाम करणारी आत्या. गावात काही काळंबेरं झालं की कपडे शिवता शिवता ती छडा लावायची. तिच्याजवळ एक जुनी कात्री होती. समोरचा खोटं बोलत असला की ती उघडायचीच नाही. जाऊबाई या आत्याच्या मागे वेडी. बाकी सगळं छान, पण लेखिकाबाईंना ऱ्हस्व-दीर्घाचं भारी वावडं. त्यांचं हस्तलिखित म्हणजे तांदूळ निवडायला बसावं तसं काम. त्यातून त्या प्रकरणं तुकड्यातुकड्यानं पाठवत, त्यामुळे शेवट काय आहे ते छापखान्यात कुणालाच आधी कळत नसे. या वेळी मात्र त्यांनी सांगून ठेवलं होतं, "हात थरथरतो आता. हे शेवटचं. यानंतर आत्या कात्री खाली ठेवणार."

त्या दुपारी शेवटचं प्रकरण टेबलावर आलं. खानावळीत मिठाच्या एका बरणीत कुणीतरी भलतंच काही भरून ठेवलेलं, खानावळवाल्या बाईंचा नवरा आजारी पडलेला. आत्या बरणी उजेडात धरते आणि म्हणते, "चिठ्ठीवर काय लिहिलंय बघा. मिठ. पहिली वेलांटी! खानावळवाल्या बाई शाळेत शिकवायच्या, त्या दुसरीच देतील. मिठाची, मिठात असं बोलून बोलून 'मिठ' लिहिणारा इथं एकच." आणि गावच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरसमोर तिची कात्री घट्ट मिटून बसते.

वेलांटीबाईनं लाल पेन खाली ठेवलं.

आधीच्या प्रकरणांत जिथं जिथं 'मिठ' दिसलं, तिथं तिथं तिनं लाल पेनानं दुसरी वेलांटी दिली होती. बाईंची नेहमीची चूक, दुसरं काय! आणि ती प्रकरणं छापून झाली होती. आता वाचक शेवटाला येणार, मागची पानं चाळणार, आणि तिथं सगळीकडे शुद्ध मीठ. लेखिकाबाईंच्या शेवटच्या पुस्तकाचं हसं होणार. आणि तोंड उघडलं, तर मालकांचं 'बघू' आजच होणार.

ती उठून कॉम्प्युटरवर मजकूर जुळवणाऱ्या ऑपरेटरकडे गेली. "आत्याचे छापलेले कागद कुठायत?"

"बांधणीला चाललेत. का?"

"काही नाही."

"तुमचं 'काही नाही' म्हणजे काहीतरी आहे बाई."

कागदांच्या गठ्ठ्यावरच बसून ती वाचू लागली. उभा जन्म चूक राहू नये म्हणून वाचण्यात गेला, आज एखादी राहिली असावी म्हणून वाचत होती. मीठ. मीठ. बोट ओळीवरून सरकत होतं. आपण इतकं चोख काम केल्याचा तिला पहिल्यांदाच राग आला. आणि मग फडताळाच्या वर्णनात, मिठाच्या बरण्यांच्या रांगेत, शेवटच्या बरणीवर: मिठ.

तिनं त्या पानाचं जुनं प्रूफ काढलं. तिथं तिची लाल खूण ठसठशीत होती. ऑपरेटरनं कॉम्प्युटरवर तेच पान उघडलं. पडद्यावर 'मीठ', कागदावर 'मिठ'. त्यानं डोकं खाजवलं. "मी दुरुस्त केलं होतं, आईशप्पथ. छापताना कसं बदलेल? मशीनला झपाटलंय बाई."

"आत्याची कात्री तुझ्यापुढे उघडली असती?"

"खटाखट!"

तिला हसू आलं नाही. कागद घेऊन ती मालकांच्या खोलीत गेली. लेखिकाबाई मुखपृष्ठ बघायला आल्याच होत्या. तिनं काही न लपवता सांगितलं आणि खुर्चीची पाठ धरून उभी राहिली.

"म्हणजे सगळं पुन्हा छापायचं?" मालक ओरडले. "अहो, काय हे बाई!"

"थांबा हो जरा." लेखिकाबाईंनी कागद चष्म्याला टेकवला. बोटानं त्यांनी एकेक बरणी मोजली. मग म्हणाल्या, "सगळ्या बरण्या बरोबर, आणि एकच चुकलेली?"

"हो. ती कशी राहिली, देव जाणे."

"अहो, मग बदललेली बरणी हीच! मी मेली सगळीकडेच चूक करून बसले होते. खानावळीतल्या सगळ्या बरण्यांवर कंपाउंडर कशाला लिहायला जाईल?" त्या खोकल्यासारखं हसल्या. "शेवटची चार वाक्यं बदलून देते. झालं."

मालकांनी कागद तिच्याकडे सरकवला. "चष्मा बदला बाई," ते गुरगुरले, "पुढची पाठ्यपुस्तकं बारीक टायपात आहेत."

म्हणजे इतक्यात घरी बसायचं नव्हतं. आनंद व्हायला हवा होता, पण तिला नुसतं बसावंसं वाटलं. जागेवर येऊन तिनं गार चहा सायीसकट पिऊन टाकला आणि शेवटचं प्रकरण पुढे ओढलं. 'मिठ' आलं तशी लाल पेन आपसूक खाली गेलं. तिनं हात आवरला. शब्दाखाली ठिपके दिले आणि समासात लिहिलं: असेच ठेवावे.

पान परत गेलं. थोड्याच वेळात भिंतीपलीकडून ऑपरेटरची हाक आली, "बाई, असेच काय ठेवावे? इथं मिठाला पहिली वेलांटी राहिलीय. देऊ का दुसरी?"