तात्याकाकांच्या गाऱ्हाण्याला माझा होकार

आमच्या नव्या सुनेच्या आईचा मी सत्यनारायणाच्या पूजेत अपमान केला, तोही नवा सदरा घालून, हात जोडून आणि अगदी भक्तिभावाने.

खरं तर त्या दिवशी मला बरोबर उलटं करायचं होतं. मानसी, आमची सून, मालवणची. तिच्या वडिलांची होडी आहे आणि आई एसटीने कसालच्या बाजारात मासे आणून विकते. आम्ही कसालजवळच्या गावातले, देवळाशेजारचे, घरात मास्तरांची तिसरी पिढी. (मासे खाणाऱ्यांची मात्र मोजलेली नाही.) लग्न रजिस्टर झालेलं, त्यामुळे विहीणबाई पहिल्यांदाच आमच्या घरी येणार होत्या. आदल्या दिवशी मानसी माझ्याजवळ येऊन बसली.

"बाबा, तात्याआजोबा आयेक कायतरी बोलतले. माका बोलले तर चलता, आयेक नको. तुमी गप रवू नकात."

"मी गप रवतलंय? तीस वर्सां नागरिकशास्त्र शिकवलंय गो!"

अडचण अशी, की तात्याकाका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. वडील गेल्यावर त्यांनीच मला वाढवलं, खांद्यावर बसवून शाळेत नेलं. माणूस सोन्यासारखा, पण तोंडाला कुंपण नाही. कोणाच्या हातचं पाणी चालतं, कोणाच्या घराला कसला वास येतो, हे ते पाऊसपाण्याच्या गप्पा माराव्यात तसं बोलतात आणि आम्ही मान खाली घालून चहा पितो. "जांव दे, वय झाला तेंचा," असं म्हणतो. आज ते ब्याऐंशीचे आहेत. ते पन्नाशीत होते तेव्हाही आम्ही हेच म्हणायचो.

म्हणून मी रीतसर तयारी केली. सडेतोड उत्तर लिहून काढलं, दोन परिच्छेद. सरावासाठी बायकोला तात्याकाका केलं.

"बोल कायतरी वायट," मी म्हटलं.

"तुमच्या डोक्यात भुसो भरलेलो आसा."

"माका नाय गो, विहीणबाईंक!"

"तेंका कित्याक? तेणी माझा काय वायट केल्यानी?" असं म्हणून ती प्रसादाचा रवा भाजायला गेली.

पूजा छान झाली. तात्याकाका विहीणबाईंशी चक्क गोड बोलले, प्रवास कसा झाला म्हणून विचारलं. मी खिशातला कागद चाचपला आणि निश्चिंत झालो.

मग गाऱ्हाणं. आमच्याकडे त्याशिवाय कुठलंही कार्य पुरं होत नाही. घरातला वडीलधारा नारळ ठेवून देवाकडे एकेक मागणं मागतो आणि प्रत्येक मागण्याला बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. काय मागितलं ते ऐकायची पद्धत नाही.

तात्याकाकांनी हात जोडले. "बा देवा म्हाराजा, लेकरांनी तुझी पूजा घातली हा, ती मान्य करून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"पोरांचो संसार सुखाचो कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि मासळेवाल्यांचो पाय लागान ह्या घराक जो काय इटाळ झालो आसात, तो धुवन टाक रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

हा होकार एकट्याचा होता. माझा. बाकी सगळ्यांनी ऐकलं होतं आणि तोंडं मिटली होती. तीन वर्गांना पुरणारा आवाज तेवढा भिंतीवर आपटून परत आला. भटजींनीसुद्धा माझ्याकडे वळून बघितलं. मानसी रागावली असती तर परवडलं असतं. तिने नुसती मान खाली घातली आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी कागद काढला, पण चष्मा सापडेना. तेवढ्यात विहीणबाईच उभ्या राहिल्या. पदर खोचला, हात जोडले आणि भर बाजाराला पुरेल असा सूर लावला.

"बा देवा म्हाराजा! ह्या तात्यानी वीस वर्सां कसालच्या बाजारात माझ्याच हातचो बांगडो घेवन खाल्ल्यानी. म्हणजे इटाळ घरात नाय, तेंच्या पोटात आसा! तर आजपासून तेंका बांगड्याची वासना होव देव नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" अख्खं घर गरजलं. भटजी तर दोनदा म्हणाले. तात्याकाकांचा चेहरा पांढराफटक पडला. ह्या वेळी मी तेवढा धसका घेऊन गप्प राहिलो. (म्हणजे दोन्ही वेळा चुकलो.)

नंतर मी स्वयंपाकघरात गेलो. "विहीणबाई, मी..." एवढंच बोललो.

"माका सवय आसा, मास्तरानू," मानसीकडे बघत त्या शांतपणे म्हणाल्या. "माझ्या चेडवाक नाय."

मी तसाच पडवीत तात्याकाकांकडे गेलो. साठ वर्षांत पहिल्यांदा त्या माणसासमोर ताठ उभा राहिलो.

"तात्यानू, तुमी बोललात ता वायट होता. तेंची माफी मागा."

मला वाटलं, आता काठी उचलतात. पण ते उठले, काठी टेकत आत गेले आणि मला त्यांचा आवाज ऐकू आला, "चुकलंय गो बाय. म्हाताऱ्याक माफ कर." मग बाहेर येऊन माझ्या शेजारी बसले. माझा ऊर भरून आला. त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"अरे, सगळे गप झाले तेव्हाच माका वाटला, कायतरी चुकला. शब्द मागे घेवक तोंड उघडतलंय, इतक्यात तुझो व्हय ऐकलंय. म्हटलं, मास्तर म्हणता म्हणजे पुस्तकात तसाच लिवलेला आसतला."