कानाला फोन धरणारी माणसं

आमच्या सासरी गाडीवर मागे बसणाऱ्याला एक काम ठरलेलं होतं. चालवणाऱ्याच्या कानाला फोन धरायचा. सासरे गुळाचे व्यापारी. फोन चुकला की सौदा हातचा गेला, ही घरची श्रद्धा. म्हणून ते गाडी चालवत आणि सासूबाई मागून फोन धरत. चालवणाऱ्याचे दोन्ही हात हँडलवर, म्हणजे कायदा पाळला! नवी नवरी असताना मी विचारलं, हा कायदा कुठला? सासरे म्हणाले, "पोलीस हात बघतोय की. कान कशाला बघंल?"

नवऱ्यामागे बसायची माझी पाळी आली तेव्हा मी त्याचा फोन पर्समध्ये टाकला आणि खुशाल वाजू दिला. घरात माझं नाव 'कलेक्टरीणबाई' पडलं. पडू दे. कुणाच्या कानाचा स्टँड व्हायला मी लग्न केलं नव्हतं. लक्ष बोलण्यात असलं की फोन कुणाच्याही हातात असो, गाडी रामभरोसेच, हे कळायला वकील लागत नाही. नवऱ्याने पुढे नाद सोडला. निदान मला तसं वाटलं.

गेल्या हंगामात आम्ही जयसिंगपूरला नणंदेकडे निघालो. तिघांनी एका गाडीवर बसायला माझा विरोध, म्हणून नवरा आणि आठ वर्षांची लेक मोटारसायकलवर, मागे मी माझ्या स्कूटीवर. रस्त्यात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर. हातकणंगल्याच्या अलीकडे लेक अचानक सीटवर अर्धवट उठली. दोन्ही हातांनी तिने बापाच्या कानाला फोन धरला होता. स्वतःला धरायला तिच्याकडे हातच उरला नव्हता, आणि शेजारून उसाची ट्रॉली चालली होती.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. ट्रॉली पुढे जाताच मी हॉर्न दाबतच गाडी पुढे काढली आणि दोघांना कडेला थांबवलं.

"थांबा हां, जरा घरचं हाय," नवरा फोनवर म्हणाला. मग माझ्यावर उखडला, "काय झालं? फोन माझ्या हातात हाय का? मग कसला गुन्हा?"

"ते ऱ्हाऊ दे. पोरगी कशाला धरून बसली होती, ते सांगा."

उत्तर लेकीने दिलं, तेही ऐटीत. "आई, मी हात अज्जिबात हलवला न्हाय. आजीनं शिकवलंय."

म्हणजे माझ्या पाठीमागे शिकवणी चालू होती! मला रडू आलं आणि त्याचाही राग आला. मी लेकीला उतरवून माझ्या स्कूटीवर घेतलं. नवरा म्हणाला, भर रस्त्यात तमाशा नको. मी म्हटलं, आज तमाशाच होणार, आणि घरी गेल्यावर सासूबाईंसमोर परत होणार.

गाडी सुरू केली तसा त्याचा फोन पुन्हा वाजला. लेकीने कासावीस होऊन मागे पाहिलं. "आई, आता पप्पांचा फोन कोण धरणार?"

"कुणी न्हाय," मी म्हटलं. "तू मला धर."