बंद काचेतून आलेली हाळी

मी नौदलातला इंजिनिअर, उभं आयुष्य विमानांच्या नटबोल्टांत गेलं. कोणी भुताखेताचा विषय काढला की पहिली टर मीच उडवायचो... आता खुशाल माझी उडवा.

निवृत्तीनंतरही ग्लायडिंग सुटलं नाही, नव्या पोरांना शिकवतोही. राष्ट्रीय स्पर्धांची पदकं घरात आहेत, म्हणून थोडी मस्तीही होती. गेल्या मार्चमध्ये विदर्भातून उडालो आणि हिंगोली जिल्ह्यात, शिरड शहापूरच्या अलीकडे, भर दुपारी हवेनं दगा दिला. ग्लायडरला इंजिन नसतं, उतरायची संधी एकच. हरभरा निघालेलं एक लांबलचक रान हेरलं आणि सरळ खाली येऊ लागलो.

तेवढ्यात हाळी ऐकू आली. "हुर्रर्र... हैऽ हैऽ होऽ!" बंद काचेच्या आत, अगदी कानाशी! लगेच दुसरी — या वेळी चिडलेली. इतकं खाली आल्यावर वळायचं नाही, हे मी विद्यार्थ्यांकडून घोकून घेतलंय. तरी माझाच हात डावीकडे वळला. आणि मग दिसली — बाभळींच्या आड लपलेल्या खांबावरून रानात लोंबणारी विजेची तार. मी बरोबर तिच्यातच शिरत होतो. शेजारच्या पडीक रानात कसाबसा टेकलो. काच उघडून बाहेर आलो.

मेंढरं घेऊन एक धनगर बाई धावत आली. "लागलं का वो भाऊ?"

"नाही ताई. तुम्ही हाळी दिली म्हणून वाचलो."

"म्या? म्या तर नुसती बगून राहिले व्हते. कोन्ती हाळी?"

जमेल तशी काढून दाखवली. तारेकडे चाललेली मेंढरं थबकली... आणि अख्खा कळप डावीकडे वळला.

बाई मटकन खाली बसली. "ही तर आमच्या मालकाची हाळी. त्या खांबाला करंट उतरतो, तिथून मेंढरं वळवायचे. दोन वर्सं झाली त्यांना जाऊन. ज्याची हाळी त्यालाच मेंढरू वळखतं, भाऊ. म्या लई वरडले, पर तसी निघंना, एक बी वळंना. औंदा दोन चिकटून मेली." डोळे पुसून म्हणाली, "मला शिकवता का?"

ग्लायडर न्यायला माझी माणसं येईपर्यंत मी त्या बाईला तिच्याच नवऱ्याची हाळी शिकवत होतो. शेवटी जमली. तिच्या हाळीवर कळप वळला, तेव्हा ती हसत हसत रडली.

नंतर रेडिओ तपासला, वाऱ्याची दिशा पाहिली, काहीही जुळत नाही. घरी येऊन पत्नीला ती हाळी काढून दाखवायला गेलो, तर निघेना. आजतागायत निघालेली नाही.