चहा पिऊन उडणारा गगन्या

उभ्या पाथर्डी तालुक्यात सिनेमा बघायला सोबत नेऊ नये असा माणूस कोण, असं कुणी मला विचारलं तर मी आमच्या थोरल्या मेव्हण्यांकडे बोट दाखवीन, आणि सिनेमा काढायला सोबत घेऊ नये असा माणूस कोण, असं विचारलं तरी बोट हलवायची गरज पडणार नाही. बायकोचे हे सख्खे थोरले भाऊ. ती त्यांना दादा म्हणते म्हणून मीही दादाच म्हणतो. गाव त्यांना गुरुजी म्हणतं, कारण गावच्या हायस्कुलात त्यांनी जन्मभर चित्रकला शिकवली. शाळेतून उरलेला वेळ देवळांच्या भिंतींवर गेला. आसपासच्या गावांत त्यांनी रंगवलेले जेवढे म्हणून देव आहेत ते सगळे आमच्या जुन्या पोस्टमनसारखे दिसतात, कारण समोर न हलता बसायला तेवढा एकच माणूस तयार असायचा. दत्ताला तर तिन्ही तोंडं पोस्टमनचीच आहेत. म्हातारा नंतर नंतर देवळात जायला लाजायचा म्हणे. दोन्ही हातांची चौकट करून तिच्यातून जगाकडे बघायची दादांची सवय इतकी जुनी, की माझ्या लग्नात अंतरपाट धरलेला असताना त्यांनी चौकटीतून एक डोळा मिटून पाहिलं आणि भटजींना म्हणाले, "जरा डावीकडे सरका, नवरीवरचा उजेड अडतोय." भटजी सरकले, मंगलाष्टक अडलं, आणि आमचा मुहूर्त टळला तो टळलाच. संसारात काही बिनसलं की मी अजून त्या उजेडाला दोष देतो.

गेल्या वर्षी ते नगरला आमच्याकडे आले, तेव्हा माझ्या मुलीनं हौसेनं मामाला एक परदेशी सुपरहिरोचा सिनेमा दाखवायला नेलं. मीही गेलो, ही माझी चूक. पडद्यावर हिरो आणि राक्षस एकमेकांना इमारतींवर आपटत होते आणि इमारती पत्त्यांसारख्या कोसळत होत्या. दादा ताडकन उभे राहिले. "अहो, एवढी पडझड झाली, पंचनामा कुणी केला?" मागून कुणीतरी "काका, खाली बसा" म्हणालं. ते बसले, पण गप्प नाही बसले. "हा मनुष्य सकाळपासून उडतोय. काही खाल्लंय का त्यानं? घरी कोण आहे की नाही त्याच्या?" मुलगी खुर्चीत खाली खाली सरकत पार दिसेनाशी झाली. मध्यंतरात त्यांनी लाह्या विकणाऱ्या पोरीला धरून आपलं मत सविस्तर सांगितलं. "जग वाचवणं सोपं आहे गं. जग एवढं मोठं, कुठूनही धरलं तरी थोडंफार वाचतंच. गाव वाचवून दाखव म्हणावं! तिथं ज्याला मारायला जावं त्याच्याशी नातं निघतं." ती बिचारी 'मोठा पुडा की छोटा' एवढंच विचारत राहिली. दुसऱ्या दिवशी पाथर्डीच्या एस.टी.त बसताना दादा खिडकीतून मला म्हणाले, "पाहुणे, मी सिनेमा काढतोय. छोटाच काढतो, पण नीट काढतो."

दादांच्या फोनवरच काढायच्या ह्या सिनेमाचा हिरो ठरला गगन्या. गगन्याला उडता येतं, पण लिंबाच्या शेंड्यापर्यंतच, कारण वर विजेच्या तारा आहेत. तो गावाबाहेर जात नाही, कारण बाहेर त्याला कोण ओळखतं? त्याच्या पाठीवर भगवी शाल असते, ती दादांच्या निवृत्तीच्या सत्कारातली. गगन्या झाला बाळू, दादांचा जुना विद्यार्थी. बायकोला घेऊन दरवर्षी ऊसतोडीला जाणारा गडी. "खांदे बघा पोराचे," दादा म्हणाले, "व्यायामशाळेत बनत नसतात असले." खलनायक मात्र मिळेना. पाण्याच्या टँकरची रांग मोडून आपलीच पिंपं पुढं रेटणारा दुष्ट माणूस हवा होता आणि गावात तसला एकही नाही, असं प्रत्येकानं शपथेवर सांगितलं. "पोरीचं जमवायचंय गुर्जी, सोयरे काय म्हनतील?" असं म्हणून जो तो मागं सरला. शेवटी दादांचा मला फोन आला. "पाहुणे, तुम्ही बाहेरचे. तुमचं काय बिघडणार आहे?" बायकोनं आतून ओरडून सांगितलं, "जा हो, तोंड आहेच तसं."

तर मी गेलो, मिशीला कोळसा फासला, पिंपं ढकलली, आणि गगन्यानं जीपवरून उडी मारून माझी कॉलर धरली. एवढ्यात बाळूची आई हौसाबाई ओट्यावरून कडाडली, "आरं ये बाळ्या! गावचे जावई हायेत ते! त्यास्नी हात लावतो व्हय रं?" बाळूनं माझी कॉलर सोडली, तिची घडी नीट केली आणि वाकून माझ्या पाया पडला. तोवर दोघी-तिघी आत जाऊन टॉवेल, टोपी, नारळ घेऊन आल्या. जावई गावात आला आणि टॉवेल-टोपीवाचून गेला असं त्या गावात कधी झालेलं नाही, मग तो पाणी चोरायला का आलेला असेना. मला पाटावर बसवलं, कोळशाच्या मिशीवर कुंकू लागलं. आता माझी मारामारी करण्याची काय बिशाद? मी मुकाट्यानं उठलो आणि पिंपं उचलून रांगेच्या शेवटी नेऊन ठेवली.

दुसरी अडचण चहाची. बाळू जीपच्या टपावर पालथा पडायचा, जीप सुटायची, शाल फडफडायची, की हौसाबाई कपबशी घेऊन रस्त्याच्या मधोमध हजर. "उडायचं मागनं उड. आदी ह्ये पी." दादा काकुळतीला यायचे. "हौसाबाई, तो संकटातल्या लोकांना वाचवायला निघालाय हो!" ती म्हणायची, "लोकं कुटं पळून जात्यात? च्या गार हुईल." मग जीप थांबायची, गगन्या खाली यायचा, त्याच्याबरोबर सिनेमात कामं करणारी त्याची सगळी ऊसतोडीची टोळी ओट्यावर टेकायची आणि बाळूची बायको पातेलं घेऊन फिरायची. दादा कपाळाला हात लावून उभे असायचे. चिडलेले दादा मी पहिल्यांदाच बघत होतो आणि, देवाशप्पथ, मला मजा येत होती.

टोळी दिवाळी करून ऊसतोडीला निघायची होती. निघायच्या आधी सगळ्यांना सिनेमा दाखवायचा, असा शब्द दादांनी घरोघरी दिला होता. पण कारखान्याचं बोलावणं लवकर आलं, ट्रक येऊन उभे राहिले आणि बघता बघता अर्धं गाव भांडीकुंडी, कोंबड्या, पोरंबाळं घेऊन वर चढलं. बाळू चाकावर पाय ठेवून वळला. "गुर्जी, आमचं जाऊ द्या. आमी आल्याव बगू. पर आयेला तेवढा दावा. लई वाट बघती ती." दादा म्हणाले, "दाखवतो. शब्द आहे माझा."

दोन-चार दिवसांनी ते फोन घेऊन आमच्याकडे आले, मुलीकडून चित्रणाची जोडाजोड करून घ्यायला. तिनं फोन उघडला, थोडं पाहिलं आणि हसत सुटली. मी वाकून पाहिलं. पहिल्याच दिवशी चालू करून बघताना दादांनी बटण दाबलं होतं ते बंद करायचं राहिलं होतं. तिथून सगळा कारभार उलटा. 'ॲक्शन' म्हणून बटण दाबलं की फोन झोपायचा, 'कट' म्हणून दाबलं की जागा व्हायचा. उड्या नाहीत, सुटका नाही, विहिरीतून काढलेली शेळी नाही. होत्या त्या दादांच्या चपला, थोडं आभाळ, माझी टॉवेल-टोपी आणि चहा. चहाच चहा! एकदाच कधीतरी ते 'ॲक्शन' आणि 'कट' दोन्ही म्हणायला विसरले होते, तेवढं एक उडणं सापडलं. डोळे पुसत मुलीनं मामाकडे पाहिलं आणि तिचं हसू थांबलं. दादा कोपऱ्यात बसून राहिले होते. ताट वाढलं तर नको म्हणाले. "पाहुणे, पोरं गेली हो. आता परत कुणाला उडवू? आणि त्या माउलीला काय दाखवू? माझ्या चपला?" हा माणूस गप्प बसलेला मला सोसेना. मी उगाच पंख्याचं बटण खालीवर करत राहिलो.

"मामा, आहे तेवढं जोडून तर बघू," मुलगी म्हणाली. आणि काय सांगू, त्यातून जे निघालं ते बघून मी थक्क झालो. ह्या सिनेमात हिरो एक तर नुकताच कुठून तरी आलेला असतो किंवा आता निघणार असतो. त्यानं काय पराक्रम केला हे ओट्यावर बसलेले लोक बोलतात: "शेळी काढली, पर शिंग लागलं बग त्याला," "लई जोरात आदळलं येडं." तो कण्हत येतो, शाल झटकतो, बशीत चहा ओततो. त्याला सगळीकडे जायची घाई असते आणि कुणीही त्याला चहा घेतल्याशिवाय सोडत नाही. एकही इमारत पडत नाही. तरी पुढं काय होतंय म्हणून माणूस हलत नाही. मोठमोठ्या सिनेमांत उडणारे मी पाहिलेत, पण त्यांच्यातला एकही आपल्या आळीत राहायला यावा असं कधी वाटलं नाही. गगन्या मात्र यावा असं वाटलं. मी हे दादांना सांगितलं. ते म्हणाले, "तुम्ही जावई, तुम्ही चांगलंच म्हणणार."

शाळेच्या हॉलच्या खिडक्यांना पोती लावून भर दुपारी सिनेमा दाखवला. बघायला कोण होतं? मागं राहिलेली म्हातारीकोतारी आणि त्यांच्यापाशी ठेवलेली शाळकरी पोरं. दादा बसलेच नाहीत, दाराला टेकून नखं खात उभे राहिले. सुरुवातीला कुणी हसेना तेव्हा ते माझ्याकडे असे बघत होते की मीच बटण चुकवलंय. मग पडद्यावर माझ्या कोळशाच्या मिशीवर कुंकू लागलं आणि हॉल हशानं फुटला. एक आजोबा तर मला वळून वळून हात जोडत होते. पुढं गगन्या ओट्यावर टेकला, बशीवर फुंकर मारून एक घोट घेतला आणि म्हणाला, "आये, साकर कमी पडली गं."

पहिल्या रांगेतून हौसाबाई म्हणाली, "उद्याच्याला जादा टाकीन. आज पी तसाच."

कुणी हसलं नाही. बाळूची बायको पातेलं घेऊन पडद्यावर आली तेव्हा हौसाबाईनं शेजारी बसलेल्या नातवाला पुढं धरलं. "ह्यो बग गं, ताप उतरला याचा. काळजी करू नगं." मग दुसऱ्या कोपऱ्यातून कुणी आपल्या लेकाला हाक मारली, कुणी सुनेला. ज्याचं माणूस पडद्यावर येई तो बोले आणि बाकीचे थांबत. मी दाराकडे पाहिलं. दादांनी तोंड फिरवून पोत्याच्या फटीतून बाहेर बघायला सुरुवात केली होती. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

सिनेमा संपल्यावर मी म्हटलं, "दादा, जमला हो!" ते म्हणाले, "उडणं राहिलंच की पण." चित्रकाराला आपलं राहिलेलं तेवढं दिसतं, त्याला कोण काय करणार?

परवा थंडीत आम्ही दोघं नवरा-बायको तिकडे गेलो होतो. दुपारी दादा अंगणात कुठल्याशा दुकानाची पाटी रंगवत बसले होते, तेवढ्यात हौसाबाई आली. "गुर्जी, हाय का येळ?" बायकोनं हळूच मला सांगितलं, ही अधूनमधून येते. दादांनी कुंचला ठेवला, हात पुसले, फोन आणला आणि मोठ्या अभिमानानं ते एकुलतं एक उडणं लावलं. शाल फडफडली, मागून लिंब सरकला.

"त्ये उडायचं ऱ्हाऊ द्या, गुर्जी," हौसाबाई म्हणाली. "बसल्याला दावा."

दादांनी बोट फिरवून बसलेला बाळू काढला आणि फोन तिच्या हातात दिला. ती तिथंच पायरीवर टेकली. आम्हीही तिच्या शेजारी बसलो. ट्रक परत यायला अजून गुढीपाडव्यापर्यंत अवकाश होता.