तारांखालचा राब

आमच्या मुरबाडकडच्या शेतावरून विजेच्या मोठ्या तारा जातात, आणि अशा तारांतून कुणाला किती वीज जायची ते बघणं ही माझी नोकरी आहे. हे मी पाहुण्यांना इतक्यांदा ऐकवलंय, की मी सुरू झाले की आई चहा टाकायला उठते. नियंत्रण कक्षात बसून मी शेजारी देशांशी होणाऱ्या विजेच्या देवाणघेवाणीचं वेळापत्रक सांभाळते. उत्तरेच्या डोंगराळ देशातल्या नद्या भरल्या की त्यांची वीज आपल्याकडे येते, आटल्या की आपली तिकडे जाते. आईला हे लगेच कळलं. "म्हणजे सावडच की," ती म्हणाली. "आज समदी आपल्या लावणीला, उद्या आपण त्यांच्या." बाबांनी मात्र एकच विचारलं, "आपल्या डोक्यावरची तार बंद कवा असतं, ता सांग."

त्यांना ते राबासाठी हवं होतं. भाताची रोपं करायच्या जागेवर शेण, पालापाचोळा, फांद्या पसरून वर माती टाकायची आणि पावसाआधी ते सगळं भाजून काढायचं. आमची ही जागा नेमकी तारांखाली आहे. दाट धूर वर चढला की त्यातून वीज खाली उतरू शकते, म्हणून बाबांना दरवर्षी धाकधूक असायची. गेल्या उन्हाळ्यात मी तोऱ्यात सांगितलं, "गुरुवारी दहा ते पाच देखभालीसाठी लाइन बंद आहे. खुशाल भाजा." घरच्यांना आतली बातमी द्यायला मला भारी वाटलं होतं.

गुरुवारी सकाळी पूर्वेच्या शेजारी देशातला एक मोठा वीजप्रकल्प अचानक बंद पडला. तिकडेही उन्हाचा कहर होता. त्यांनी जादा वीज मागितली, ती द्यायची तर आपल्या सगळ्या लाइनी चालू हव्या होत्या. आमची देखभाल पुढे ढकलली गेली आणि तो बदल मीच नोंदवला. दर पंधरा मिनिटांचं वेळापत्रक नव्याने मांडताना मला शेजारचा देश आठवत होता, बाप आठवला नाही.

सव्वाअकराला लाइन ट्रिप झाली, आपोआप बंद पडली. बिघाड किती किलोमीटरवर आहे ते पडद्यावर आलं, त्यावरून सहकाऱ्याने टॉवरचा नंबर काढला. त्या टॉवरच्या पाटीवरचा आकडा मी शाळेत जायच्या आधी वाचायला शिकले होते.

बाबांना फोन लावला. वाजत राहिला. परत लावला, परत तेच. शिफ्टप्रमुख म्हणाले, "पाच मिनिटांत पुन्हा चालू करून बघू. तिकडे लोक खोळंबलेत." त्यांचं काही चूक नव्हतं. पण बाबा आता आग विझवायला ओलं पोतं घेऊन त्या धुरात शिरले असतील, हे मला माहीत होतं. मी तत्क्षणी बोलले असं लिहायला मला आवडलं असतं. आधी मला माझी नोकरी दिसली. त्या पाचांतली दोन मिनिटं मी नुसती फोनकडे बघत बसले, त्याची लाज अजून वाटते.

मग उभी राहिले. "सर, लाइन चालू करू नका. खाली माझे वडील आहेत. बंद आहे म्हणून मीच त्यांना सांगितलं होतं."

ते म्हणाले, "त्या देशाची वीज कमी कर." शेजारी देशाला आत्ताच कबूल केलेला आकडा मी माझ्या हाताने खाली आणला. तिकडे कुठल्या गावाचे पंखे थांबले असतील, कुठल्या दवाखान्यात धावपळ झाली असेल, हा विचार मनात येत होता आणि तरी मी फोन लावत होते.

वीस मिनिटांनी बाबांचा फोन आला, शेजारच्या काकांच्या मोबाइलवरून. "काय झाला गो? मोठा बार झाला वर."

"लागलं का तुम्हाला?"

"नाय. भाकर खायाला बांधावर गेलतू." मग म्हणाले, "तू बोललीस ना, बंद हाय म्हणून."

ते रागावले असते तर परवडलं असतं. ते खरंच विचारत होते.

मला लेखी ताकीद मिळाली, नोकरी राहिली. या वैशाखात बाबांनी तारांचं काही विचारलं नाही. शेवटी मीच म्हटलं, "शनिवारी बंद आहे. बदल झाला तर नक्की फोन करीन." "बरं," ते म्हणाले.

रविवारी घरी गेले. तारांखालची जागा तशीच कोरी होती. राब त्यांनी केव्हाच भाजला होता, पार खालच्या टोकाला, ओढ्याकाठच्या खडकाळ तुकड्यावर. तिथे रोप धरत नाही, हे मला लहानपणी त्यांनीच शिकवलं होतं.